चुनखडीच्या कड्यावर व्हिया फेराटा: सोलापुरातून निघणाऱ्यांसाठी तयारी आणि क्रम

सह्याद्रीत दोन-चार मोसम भटकलेली मंडळी नोकरीनिमित्त किंवा सुट्टीला युरोपात गेली की व्हिया फेराटाकडे हमखास वळतात. व्हिया फेराटा म्हणजे कड्याला पोलादी केबल ठोकलेली वाट: पायाखाली लोखंडी कांब्या, कंबरेला हार्नेस (दोर-पट्टे जोडायचा कंबरपट्टा). मग भ्यायचं कशाला, असा एकूण हिशेब असतो. तो चुकीचा आहे. केबलवरून पडणं हे दोरावर पडण्यापेक्षा बरंच वाईट असतं. कमरेचा संच जीव वाचवेल, पण हात-पाय, बरगड्या शाबूत ठेवेलच असं नाही. त्यामुळे इथे पडायचंच नाही हे धरून चालायचं.

उदाहरणासाठी ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातलं कार्वेन्डेल हे निसर्ग उद्यान घेतलं आहे. इन्सब्रुक शहराच्या डोक्यावर उभी असलेली नॉर्डकेटे ही चुनखडीची रांग या उद्यानात येते. आल्प्समध्ये इतर कुठे जाणार असाल तरी क्रम हाच.

टप्पा १: मार्ग निवडा, ग्रेड नीट वाचा

जर्मन भाषिक भागात व्हिया फेराटाला ‘क्लेटरस्टाइग’ म्हणतात आणि अवघडपणा ए ते ई अशा अक्षरांत लिहितात. ए म्हणजे केबलचा आधार असलेली खडकाळ वाट. बी मध्ये उभे टप्पे आणि शिड्या येतात. सी पासून हातांवर खरा जोर पडतो. डी मध्ये कडा सरळ उभा किंवा थोडा अंगावर येणारा असतो, आणि ई कसलेल्या चढाईपटूंसाठी. ‘सी/डी’ असं लिहिलेलं असेल तर मार्गाचा बराचसा भाग सी आणि मधले काही तुकडे डी, असं समजा. सरासरी काढू नका. सगळ्यात कठीण तुकडा जो असेल तो तुमचा ग्रेड.

इथली नेहमीची चूक म्हणजे केबल कारने वर नेणारा मार्ग सोपा असणार असं गृहीत धरणं. नॉर्डकेटेवरचा इन्सब्रुकर क्लेटरस्टाइग हाफेलेकार या केबल कार स्टेशनजवळून सुरू होतो. शहरातून अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही तिथे, सुमारे २,२५० मीटरवर. पण मार्ग सी/डी आहे, धारेवरून जातो आणि पूर्ण करायला बहुतेकांचा अख्खा दिवस जातो. तो दोन भागांत आहे आणि पहिल्या भागानंतर उतरता येतं, ही त्यातली सोय. आयुष्यातला पहिला व्हिया फेराटा म्हणून तो घेऊ नका. पहिल्या दिवशी ए किंवा बी, एक-दोन तासांत संपणारा मार्ग, तोही शक्यतो स्थानिक परवानाधारक गाइडबरोबर. त्यात हात थरथरले नाहीत तर पुढचं बघू.

तपासा: मार्गावर मधेच बाहेर पडायची वाट कुठे आहे? उतरायची वाट वेगळी आहे का? शेवटची केबल कार किती वाजता? या तिन्हींची उत्तरं कागदावर लिहून खिशात ठेवता आली पाहिजेत.

टप्पा २: सोलापुरात अंगाची तयारी

आपल्याकडे अडचण एकच, चढ नाही. कोजागरीला चालत तुळजापूर गाठणाऱ्या माणसाला अंतराचं काही वाटत नाही, पण ते सपाटीचं चालणं. व्हिया फेराटाला पाय वर उचलायचे असतात, पाठीवर वजन घेऊन, चार-पाच तास.

आठ मजली इमारतीचा जिना शोधा. एक फेरी साधारण २४ मीटर, म्हणजे २५ फेऱ्यांत ६०० मीटरची चढाई होते. पहिल्या आठवड्यात आठ-दहा फेऱ्याही पुरे. आल्प्समधला हंगाम साधारण जुलै ते सप्टेंबर, त्यामुळे आपली तयारी नेमकी एप्रिल-मे-जूनमध्ये येते. पारा ४० च्या वर असताना संध्याकाळच्या तापलेल्या जिन्यात शौर्य दाखवू नका; पहाटे साडेपाचला सुरू करून साताच्या आत आटपा. पाठीवर पाच किलोपासून सुरुवात, पुढे आठ. उतरतानाही सावकाश उतरा, कारण गुडघे उतरतानाच जातात.

हातांसाठी पुल-अप्सच्या मागे लागू नका. बारला लटकून राहण्याचा वेळ वाढवा आणि मधे मधे हात सरळ ठेवून विसावायला शिका. केबलवर थकतात ते बहुतेक कोपर वाकवून स्वतःला ओढत राहणारे.

कातळाची सवय हवी असेल तर सोलापुरातून विजयपूरमार्गे रेल्वेने बदामी गाठता येतं. तिथला लाल वालुकाश्म चुनखडीपेक्षा वेगळा आहे, पण बोल्ट ठोकलेल्या मार्गांवर जाणत्या माणसासोबत दोराने चढलात की उंची अंगवळणी पडते. उंचीचं भय असलेल्यांनी हे आधी करूनच बघावं. तिकीट काढल्यावर कळण्यापेक्षा बदामीत कळलेलं स्वस्त.

सावधान: आपल्या गडांवरचे रेलिंग आणि शिड्या या व्हिया फेराटाच्या केबल नाहीत. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चढा, सवय होईल. पण एखाद्या गडावरच्या गंजक्या पाइपला कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) अडकवून ‘सराव’ करणं म्हणजे न तपासलेल्या लोखंडावर जीव टांगणं.

टप्पा ३: संच

लागणाऱ्या वस्तू मोजक्या: हार्नेस, हेल्मेट, व्हिया फेराटा संच (हार्नेसला जोडायचे, टोकाला कॅराबिनर असलेले दोन पट्टे), अर्ध्या बोटांचे चामडी हातमोजे, कडक तळव्याचे बूट आणि विसाव्यासाठी एक छोटी स्लिंग (पट्ट्याचं शिवलेलं वेटोळं) लॉकिंग कॅराबिनरसह. रनिंगचे मऊ बूट नकोत. कांबीवर तासभर उभं राहिलं की पावलाचा मधला भाग पेटतो.

या सगळ्यात व्हिया फेराटा संच का वेगळा, हे समजून घ्या. दोराने चढताना पडण्याची लांबी भागिले दोराची लांबी हा झटक्याची तीव्रता सांगणारा आकडा कमाल २ येतो. केबलवर तसं नसतं. समजा केबल कड्याला धरून ठेवणाऱ्या दोन खुंट्यांमध्ये चार मीटर अंतर आहे आणि वरच्या खुंटीला हात लागायच्या आधी पाय सुटला. कॅराबिनर केबलवरून चार मीटर घसरत खालच्या खुंटीवर आदळणार, शिवाय पट्ट्याची लांबी वेगळी. पट्टा जेमतेम एक मीटरचा. आकडा ५ च्या आसपास किंवा वर जातो. साधी स्लिंग किंवा दोराचा तुकडा हा झटका शोषत नाही. एक तर तो तुटतो, नाही तर शरीर. म्हणून संचात शिवलेल्या पट्टीचा शॉक ॲब्सॉर्बर असतो, जो फाटत फाटत झटका शोषतो. फाटताना तो दोन मीटरपेक्षा जास्त लांबू शकतो, म्हणजे तेवढे तुम्ही आणखी खाली जाता. वाटेत कांबी किंवा खडकाची टोकं असतातच.

संचावर ईएन ९५८ : २०१७ हे मानक लिहिलेलं बघा. ते ४० ते १२० किलो वजनासाठी आहे, आणि १२० मध्ये पाठीवरची सॅक, बूट सगळं आलं. ४० पेक्षा कमी वजनाच्या मुलांना नुसत्या संचावर सोडायचं नाही. ॲब्सॉर्बर फाटण्याइतका भारच पडत नाही आणि झटका तसाच मुलाच्या अंगाला बसतो. त्यांना वरून दोराने बिले द्यावाच लागतो, म्हणजे वरच्या माणसाने त्यांचा दोर धरून ठेवायचा.

कुणाचा तरी जुना संच उसना घेऊ नका. २०१२ मध्ये ऑस्ट्रियात एक जीवघेणा अपघात झाला, त्यानंतर २०१३ मध्ये अनेक कंपन्यांनी आपले जुने संच परत मागवले. मित्राच्या माळ्यावरचा संच त्यातलाच आहे की नाही, हे तुम्हाला बघून कळणार नाही. दोन दिवसांसाठी जाणार असाल तर तिथल्या डोंगरी गावातल्या दुकानातून भाड्याने घ्या. हार्नेस आणि बूट मात्र स्वतःचे असावेत.

विम्याचं एका वाक्यात: शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, पण बहुतेक साध्या प्रवास विम्यांत गिर्यारोहण वगळलेलं असतं, म्हणून पॉलिसीतलं साहसी खेळांचं कलम आणि हेलिकॉप्टर बचावाचा खर्च दोन्ही वाचूनच सही करा.

टप्पा ४: गच्चीवर हाताला वळण लावा

हा टप्पा सगळे गाळतात आणि तिकडे केबलवर पहिल्यांदा कॅराबिनर उघडायला शिकतात. व्हिया फेराटाचे कॅराबिनर आपोआप बंद होतात. उघडायला तळहाताने मागची पट्टी दाबायची आणि बोटांनी तोंड उघडायचं. हे एका हाताने, हातमोजा घालून, न बघता जमलं पाहिजे.

गच्चीच्या कठड्याला छातीच्या उंचीवर जाड दोर ताणून बांधा आणि दर दीड-दोन मीटरवर सुतळीने कठड्याला घट्ट आवळा. ती झाली तुमची खुंटी. हार्नेस घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत जा. प्रत्येक खुंटीपाशी:

१. दोन्ही पाय स्थिर, एक हात दोरावर.
२. पहिला कॅराबिनर काढा, खुंटीच्या पलीकडे लावा, ‘खट्’ आवाज ऐका, ओढून बघा.
३. मगच दुसरा काढा आणि पलीकडे लावा.
४. मग पाऊल.

उजव्या हाताने जमलं की डाव्याने. मग डोळे मिटून. पंधरा मिनिटांनंतर लक्ष उडतं आणि दोन्ही कॅराबिनर एकदम काढायचा मोह होतो. तो क्षण गच्चीवर पकडा. घरचे हसतील, हसू द्या. हा सराव जमिनीवर उभं राहूनच करायचा. कठड्यावर चढून किंवा बाहेर झुकून अजिबात नाही.

टप्पा ५: पाणी, खाणं, वेळ

चुनखडीच्या डोंगरात वर पाणी मिळत नाही. पाऊस भेगांमधून आत मुरतो आणि खूप खाली दरीत झरा होऊन निघतो. नकाशावर हिरवळ दिसते म्हणून ओढा असेल असं समजू नका. दर माणशी दोन लिटर तरी खालूनच न्यायचं, ऊन असेल तर तीन.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही डोंगरासाठी उत्तम शिदोरी, हलकी आणि न खराब होणारी. फक्त ती निघण्याआधी आणि उतरल्यावर खायची. कड्यावर तिच्यामागे पाणी फार जातं. वर खिशात खजूर, चिक्की, मिठाच्या गोळ्या. तूप, पेढे, खवा सोबत बांधू नका, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. विमानतळावर काढून घेतात.

वेळेचं गणित पावसावर ठरतं. आपल्याकडे दुपारभर तापून संध्याकाळी वळीव कोसळतो, त्याच कारणाने आल्प्समध्ये उन्हाळी दुपारी गडगडाट होतो. तिथे तो अनेकदा दोनच्या आतच गाठतो. पोलादी केबल वीज वाहून नेते, कित्येक मीटर लांबून. सकाळी पहिली केबल कार पकडा आणि दुपारी एकच्या सुमारास केबलवरून बाहेर असाल असाच मार्ग निवडा.

तपासा: उत्तरेकडच्या घळींत जूनअखेरपर्यंत, कधी जुलैतही जुना बर्फ टिकतो आणि केबल त्याखाली गाडलेली असू शकते. आदल्या संध्याकाळी केबल कारच्या खिडकीवर किंवा डोंगरातल्या हटमध्ये (गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या घरात) विचारा. ‘अजून बर्फ आहे’ असं उत्तर आलं तर त्या दिवशी दुसरा मार्ग.

टप्पा ६: पहिल्या खुंटीआधी

दगड पडतील अशा जागेपासून दूर, सपाटीवर हार्नेस चढवा. कंबरपट्टा कमरेच्या हाडाच्या वर. खाली ओढून बघा, निसटला तर सैल आहे. संच हार्नेसला गर्थ हिचने, म्हणजे पट्ट्याचं वेटोळं स्वतःतूनच ओवून, कंपनीने दाखवलेल्या जागीच लावा. बाजूच्या सामान अडकवायच्या कड्या वजन पेलत नाहीत.

मग जोडीदाराने तुम्हाला आणि तुम्ही जोडीदाराला हात लावून तपासायचं: बकल, हिच, हेल्मेटचा पट्टा, बुटांच्या नाड्या, ॲब्सॉर्बरची पिशवी बंद आहे का. नुसतं ‘झालं ना?’ विचारणं म्हणजे तपासणी नाही. ओढणी, मोकळे केस, गळ्यातली साखळी आत. अंगठी काढून ठेवा.

टप्पा ७: केबलवर

गच्चीवरचाच क्रम. फरक एवढाच की आता थांबायची जागा निवडावी लागते. खुंटी छातीच्या उंचीला आली की बदला. हात पुरेपूर ताणून डोक्यावर कॅराबिनर बदलायला गेलात की तोल जातो. वजन पायांवर, कडा अंगाला न चिकटवता थोडं मागे, हात सरळ. कॅराबिनर मागे राहून पट्टा ताणला जात असेल तर मनगटाने वर ढकलत न्या.

दोन खुंट्यांमधल्या तुकड्यावर एकावेळी एकच माणूस. वरचा पडला तर घसरत येऊन थेट खालच्याच्या डोक्यावर आदळतो. उभ्या टप्प्यांवर तर मधला एक तुकडा रिकामा सोडा. मागून घाई करणाऱ्याला थांबवा, मराठीत सांगितलं तरी त्याला कळतं. पुढे जाऊ द्यायचं ते फक्त रुंद कपारीवर.

चुका ज्या जिवावर बेततात:

- मोकळा कॅराबिनर हार्नेसला अडकवणं. लोंबकळतो म्हणून एक कॅराबिनर स्वतःच्याच हार्नेसवर लावला की झटका ॲब्सॉर्बरला वळसा घालून सरळ तुमच्या कमरेला बसू शकतो. दोन्ही कायम केबलवर.
- विसाव्याची स्लिंग लावून चढणं. तिला ॲब्सॉर्बर नाही. ती खुंटीला किंवा कांबीला लावून तिच्यावर बसा, दम घ्या आणि निघण्याआधी काढा. तिच्यासह एक मीटर जरी पडलात तरी ती तुटू शकते.
- ॲब्सॉर्बरवर लटकून विश्रांती. त्यासाठी वरची स्लिंग आहे.
- फोटोसाठी एक कॅराबिनर काढणं. फोटो पुढच्या कपारीवर.
- आलेल्या वाटेने उलटं उतरणं. बहुतेक मार्ग एकदिशा असतात आणि समोरून माणसं येत असतात.

केबल ढिली लागली, खुंटी हलली किंवा तारेचं सुटं टोक हातमोज्यात घुसलं, तर त्या तुकड्यावर भार टाकू नका. परत फिरता येत असेल तर फिरा आणि खाली कळवा.

टप्पा ८: चुनखडी ओळखा

बेसाल्टवर वाढलेल्या पायांना हा दगड फसवतो. सोलापुरातल्या जुन्या घरांत जी शहाबादी फरशी आहे ती चुनखडीच. वाडी लाइनवरच्या शहाबादहून येते. तिच्यावर लिंबाचा रस सांडला की डाग पडतो, कारण आम्ल तिला खातं, आणि वर्षानुवर्षं वावरून गुळगुळीत झालेली फरशी ओली झाली की बाथरूमच्या दारात माणूस आडवा होतो. कड्यावर नेमकं हेच दोन्ही घडतं. पावसातलं सौम्य आम्ल दगड खातं, त्यामुळे जिथे माणसं फिरकत नाहीत तिथे तो धारदार खाचांचा, ब्लेडसारखा. आणि जिथे हजारो बूट पडले तिथे चकचकीत. गर्दीच्या मार्गावर सगळ्यात सोयीची दिसणारी पायरी हीच सगळ्यात निसरडी असते. तिच्या शेजारची खडबडीत, जराशी अडचणीची खाच घ्या.

पाऊस पडून गेला असेल तर ग्रेड एकाने वाढला असं समजा.

घळींत सुटे दगड असतात. हिवाळ्यात भेगांतलं पाणी गोठून दगड सैल करतं, वरून चाललेले शामोआ नावाचे डोंगरी प्राणीही ते खाली ढकलतात. तुमच्या पायाने दगड सुटला तर ‘दगड!’ ओरडण्याने तिथे कुणी हलणार नाही. जर्मन भागात ‘श्टाइन!’, इटलीत ‘सासो!’. वरून आरोळी आली तर वर बघू नका. हेल्मेट पुढे, अंग भिंतीला, सॅक पाठीवर.

टप्पा ९: बिघडलं तर

गडगडाट ऐकू आला की वाट बघायची नाही. वीज दिसल्यापासून आवाजापर्यंत तीन सेकंद म्हणजे अंदाजे एक किलोमीटर. जवळची बाहेर पडायची वाट धरा, धार आणि केबल दोन्ही सोडा. पाय सुरक्षित टेकत असतील अशाच जागी केबलमधून सुटायचं. घाबरून उभ्या भिंतीत संच काढणारा विजेआधी कड्यावरून जातो. खाली खोलगट जागी पाय जुळवून सॅकवर उकिडवे बसा, भिंतीला टेकू नका.

जोडीदाराचे हात गळाले, रडू येतंय, पाय कापतायत, तर आधी त्याला विसाव्याच्या स्लिंगवर बसवा, पाणी द्या, मग बोला. ‘थोडंच राहिलंय’ असं खोटं सांगू नका.

ऑस्ट्रियात डोंगरी बचावाचा क्रमांक १४०, युरोपभर ११२. रेंज नसेल तर शिट्टी किंवा टॉर्चने मिनिटाला सहा वेळा खूण, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन खुणांनी येतं. हेलिकॉप्टर दिसलं तर दोन्ही हात वर म्हणजे ‘मदत हवी’. एक हात वर, एक खाली म्हणजे ‘नको’. आनंदाने दोन्ही हात हलवलेत की ते खरोखर उतरायला लागतात.

टप्पा १०: उतार आणि नंतर

केबल संपली म्हणून हेल्मेट काढू नका. उतरायची वाट बहुधा घसाऱ्याची असते. वळणं कापून सरळ घसरत उतरायचा मोह होईल, पण त्याने खालच्यांवर दगड जातात आणि दगडगोट्यांत तग धरून असलेली झुडपं, फुलं उखडतात. खुणेच्या वाटेवरच राहा. एडलवाइस हे पांढरं डोंगरी फूल दिसलं तर तोडायचं नाही, ते संरक्षित आहे. खजुराच्या बियासुद्धा पिशवीतच.

खाली आल्यावर ॲब्सॉर्बरची पिशवी उघडून शिवण बघा. एक टाका जरी उसवलेला दिसला, किंवा वाटेत कुणी त्यावर पडलं असेल, तर संच बाद. भाड्याचा असेल तर दुकानदाराला तसं स्पष्ट सांगा, नाही तर पुढच्या माणसाला तोच मिळेल.

स्वतःचा संच सोलापुरात आणलात तर सावलीत वाळवून कापडी पिशवीत, कपाटात ठेवा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत नाही, पत्र्याखालच्या माळ्यावर नाही आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी तर मुळीच नाही. ऊन, उष्णता आणि आम्लाच्या वाफा नायलॉनला आतून कमकुवत करतात आणि वरून पट्टा नवाच दिसतो. पट्टीवर छापलेलं उत्पादन वर्ष बघा आणि कंपनीने दिलेली मुदत संपली की तो कापून टाका, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही.